गाव वर चाललंय की नुसता भाव?

गेल्या दिवाळीत माझा मावसभाऊ पुण्याहून इकडे विदर्भात आला, तो प्लॉट घ्यायचं मनाशी पक्कं करूनच. दोन वर्षांनी रिटायर व्हायचं, इकडे घर बांधायचं आणि मावशीला पुन्हा आपल्या मुलखात आणून ठेवायचं, असा त्याचा हिशोब. रविवारी दलालानं गाडीत बसवून नेलं. कालपरवापर्यंत वावर होतं ते. आता मुरमाचे रस्ते टाकलेले, चुन्याच्या रेघा मारलेल्या, तोंडाशी कमान. कमानीशेजारी फलक: ‘समृद्धी महामार्गापासून फक्त ५ मिनिटं’. खोटं नव्हतं. महामार्ग समोर दिसत होता, जाणारे ट्रक मोजता आले असते. पण त्या महामार्गावर चढायचं तर वीसेक किलोमीटर उलटं जावं लागत होतं.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा खुला होऊन तो पूर्ण झाला. वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा अशा जिल्ह्यांमधून तो जातो. पण हा साधा रस्ता नाही. दोन्ही बाजूंनी बंद आहे आणि ठरलेल्या इंटरचेंजवरूनच त्यावर चढता-उतरता येतं. कारंजा लाड, मेहकर, सिंदखेड राजा अशा इंटरचेंजजवळच्या गावांना त्याचा उपयोग आहे. मधल्या गावांना तो फक्त दिसतो. कुठे कुठे तर त्यानं जुनी पांदण तोडल्यामुळे पलीकडच्या वावरात जायला बोगदा शोधत फिरावं लागतं.

भाऊला तिथेच म्हटलं, “तू भाव पाहतोयस, गाव पाहिलंच नाहीस.” त्यावरून आमची जी चर्चा सुरू झाली, ती पुढे तीन-चार महिने चालली. त्यातलं कामाचं तेवढं इथे लिहितो.

घोषणा आणि गाडी

गाव सुधारणं आणि जमिनीचा भाव वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही कधी कधी एकत्र होतात, म्हणून आपण फसतो. भाव वाढायला बातमी पुरते. गाव सुधारायला तिथे रोज काहीतरी चालावं लागतं.

वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचंच घ्या. २८४ किलोमीटरचा हा मार्ग २००८ च्या सुमारास मंजूर झाला. वर्धा ते कळंब हा जेमतेम चाळीस किलोमीटरचा टप्पा सुरू झाला २८ फेब्रुवारी २०२४ ला. म्हणजे मंजुरीची बातमी वाचून ज्यानं ‘होणाऱ्या स्टेशनाजवळ’ प्लॉट घेतला, त्याचं तेव्हा पहिलीत असलेलं पोरगं कॉलेज संपवून बाहेर पडलं, तेव्हा कुठे कळंबपर्यंत गाडी आली. यवतमाळवाल्यांना तर याची सवयच आहे. मूर्तिजापूरला जाणारी त्यांची जुनी शकुंतला रेल्वे बंद पडली आणि नवी गाडी येता येता राहिली. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. ओलिताची आशा धरलेल्या एका पिढीचे केस तिथे पांढरे झाले.

याचा अर्थ प्रकल्प खोटे असतात असा नाही. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र टेक्स्टाइल पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे. अशा ठिकाणी फरक पडतोच. पण फरक पडला हे ओळखायचं कशावरून? बातमी जुनी झाल्यावर तिथे जायचं आणि आजूबाजूच्या गावात एक खोली भाड्यानं मागायची. लगेच मिळाली, वर “जितके दिवस राहाचं तितके राहा” म्हटलं, तर कारखाना अजून कागदावरच आहे. खोलीसाठी फिरावं लागलं, मेसचे डबे जाताना दिसले, घरमालकानं मागच्या गोठ्याच्या जागी चार खोल्या काढलेल्या दिसल्या, तर तिथे माणसं खरंच कामाला आली आहेत.

चंद्रपूरकडे मात्र याच्या उलटही पाहायला मिळतं. खाणीच्या शेजारच्या गावात पैसा येतो, गाड्या येतात, आणि भिंतीला हात लावला तर काळा होतो. भाव चढलेला असतो, पण म्हातारपणी राहायला जाण्याची ती जागा नव्हे.

रात्री गावात कोण असतं?

आमच्याकडे ‘अपडाऊन’ हा शब्द लहान पोरालाही कळतो. मास्तर तालुक्याहून येतात, पटवारी तालुक्याहून, ग्रामपंचायतीचा सचिव तालुक्याहून, बँकेचा साहेब तर थेट जिल्ह्याहून. कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी राहावं असा नियम आहे. तो कसा पाळला जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. दिवसा अकरा ते पाच या वेळात गाव पाहिलं तर भरलेलं वाटतं. सहाच्या गाडीनं पगारदार निघून जातात.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की गाव रात्री साडेआठला पाहा. जमलं तर तिथे मुक्कामच करा.

बाहेर बदली मागता येईल, निदान तालुक्याला राहता येईल, अशा माणसांनी गावात राहायचं ठरवलं असेल, तर तो सुधारणेचा सगळ्यात भरवशाचा पुरावा. गावात शिकवणारी बाई आपलं स्वतःचं लेकरू गावातल्याच शाळेत घालते का? उपकेंद्राची नर्स रात्री दार उघडते का? साध्या भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक आणि आदिवासी भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र, हा सरकारी निकष. इमारत बऱ्याच ठिकाणी सापडते. रात्री तिथे दिवा आहे का, ते मात्र शेजाऱ्यालाच विचारावं लागतं.

दुसरी खूण मुक्कामी एसटीची. संध्याकाळी शेवटची फेरी येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि पहाटे सहाला तीच गाडी कॉलेजची पोरं, दूधवाले, दवाखान्याचे पेशंट घेऊन निघते. ज्या गावात मुक्कामी गाडी टिकली, तिथून रोज बाहेर जाणारी आणि रोज परत येणारी माणसं आहेत. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात फेऱ्या बंद पडल्या होत्या. त्यातल्या कोणत्या पुन्हा सुरू झाल्या आणि कोणत्या नाही, हे गावातल्या कोणत्याही पोरीला विचारा. पोरीलाच विचारा, कारण पोरांकडे मोटारसायकल असते.

शाळेचं जरा जपून मोजावं लागतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत यंदा पहिलीत किती, दोन वर्षांपूर्वी किती, एवढं हेडमास्तर सहज सांगतात. पट घसरला म्हणजे गाव रिकामं होतंय, असं मात्र लगेच धरू नका. सकाळी साडेसातला चौकात उभं राहून कॉन्व्हेंटच्या व्हॅन मोजा. शाळेचा पट कमी आणि व्हॅन तीन, तर गावात पैसा आहे पण गावावर भरवसा नाही. पट कमी आणि व्हॅनही नाही, तर लेकरंच नाहीत; तरणी माणसं पुण्याला गेली. पट टिकून असेल, आणि त्यात आजूबाजूच्या खेड्यांतून येणारी चार पोरंही असतील, तर त्या शाळेत कुणीतरी जीव लावणारं आहे. अशा गावाकडे मी कान टवकारून पाहतो.

दुकानांत मी दुसरं दुकान शोधतो. पहिलं मेडिकल कुणीही धाडस करून टाकतो. दुसरं मेडिकल टाकणाऱ्यानं पहिल्याचा गल्ला पाहिलेला असतो. हार्डवेअर, झेरॉक्स, शिलाई, ब्युटी पार्लर, संध्याकाळी नऊपर्यंत उभी राहणारी गुपचुपची (पाणीपुरीची) गाडी, हे सगळं हातातल्या खुळखुळत्या पैशावर चालतं. कृषी केंद्र मोजू नका, ती सगळीकडे असतात. आणि नव्या बारच्या पाटीवरून तर काहीच ठरवू नका.

बांधकामं दिसतात तेव्हाही विचारायचं, पैसा कुणाचा? घरकुल योजनेत सपाट भागात घरामागे १ लाख २० हजारांपासून अनुदान मिळतं. एकाच वर्षी यादी मंजूर झाली की गल्लीभर एकसारख्या भिंती उभ्या राहतात. चांगलंच आहे ते, ज्याच्या डोक्यावर कवेलू गळत होते त्याला स्लॅब मिळतो. पण ती सरकारची गुंतवणूक. गावकऱ्याची स्वतःची गुंतवणूक वेगळी दिसते. जुन्या घराला पाठीमागून एक खोली वाढवली, वर मजला चढवायचा म्हणून कॉलमच्या सळ्या मोकळ्या ठेवल्या, पाच वर्षं बिनगिलाव्याची असलेली भिंत यंदा रंगवली. कापसाला, सोयाबीनला बरे दिवस आले की हे दिसतं. दोन-तीन वर्षं सलग दिसलं, तर समजावं की कास्तकाराच्या घरात पिकाशिवाय दुसरीही मिळकत येतेय. कुणी दुधावर आहे, कुणाचं पोर नोकरीला लागलं आहे, सून अंगणवाडीत आहे.

कुलपंही मोजा. पण पोळ्याला नाही; पोळ्याला बाहेरगावचे सगळे येतात आणि गाव गजबजलेलं दिसतं. पोळा होऊन पंधरा दिवसांनी जा.

आणि एक गोष्ट, जी प्लॉट पाहायला आलेले कधीच पाहत नाहीत. गावाच्या शेवटाला जी वस्ती आहे, टोली आहे, तिथपर्यंत नाली गेली का? मुख्य रस्त्याला सिमेंट आणि पेव्हिंग ब्लॉक टाकणं सोपं असतं, तिथून साहेबांची गाडी जाते. शेवटच्या गल्लीत पाणी तुंबत नसेल, तिथल्या खांबावरही दिवा लागत असेल, तर ती ग्रामपंचायत काम करणारी आहे असं बेलाशक समजा. तुमचा ले-आउटही उद्या गावाच्या शेवटालाच असणार आहे.

पाणी, लाइन, माती

पाण्यासाठी मे महिन्यात जायचं. दुसऱ्या कुठल्याही महिन्यात विदर्भातलं पाणी खरं बोलत नाही.

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं आणि गावोगाव दारात निळे पाइप आले. भाऊ पहिल्यांदा नळ पाहून खूश झाला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, “नळ त हाये बापू, पाणी कुठी हाये?” टाकी कधी भरते, नळाला किती दिवसांआड येतं, टँकर शेवटचा कोणत्या वर्षी आला, हे तीन प्रश्न पाणी भरणाऱ्या बाईला विचारा. सरपंचाला विचारू नका. सरपंच योजना किती लाखांची ते सांगेल.

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तिथे बोअरला पाणी लागतं, पण खारं. प्यायचं राहिलं, त्यानं डाळ शिजत नाही. तिथलं गाव प्रादेशिक योजनेच्या नळावर जगतं, म्हणून धरणापासूनची पाइपलाइन नीट आहे का, हीच तिथली खरी चौकशी. यवतमाळ आणि चंद्रपूरकडे काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पाणी गोड लागतं आणि दात, हाडं खराब करतं. शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण विभागाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा खर्च प्लॉटच्या इसाराच्या तुलनेत काहीच नाही.

लाइनचं, म्हणजे विजेचं, थोडक्यात. गावठाणाचा फीडर शेतीपासून वेगळा आहे का, आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर किती दिवसांत बदलून मिळते, एवढं विचारा.

मातीवर मात्र थांबावं लागेल, कारण घर घेणाऱ्या शहरी माणसाला हा भाग कुणी सांगतच नाही. आपल्याकडची काळी रेगडी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा ती माती घराखालीही पाडते. पाया वरवर घेतला की दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते, दारं अडकायला लागतात, अंगणातली फरशी वर-खाली होते. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम चार फुटांवर लागला तर ठीक, बारा फुटांवर लागला तर पायाचाच खर्च तुमचं गणित बिघडवतो. म्हणून सौदाचिठ्ठी करण्याआधी एक खड्डा घेऊन पाहा. ले-आउटवाला नाही म्हणाला, तर तेही उत्तरच आहे. त्याच भागातली चार-पाच वर्षं जुनी घरं शोधून त्यांच्या भिंती आणि कंपाउंड निरखा. मी एका ले-आउटमध्ये पाहिलं, सहापैकी चार घरांना एकाच जागी ठिगळं मारलेली होती.

कागद काय बोलतो

आता ले-आउट. तालुक्याच्या गावाबाहेर असे ले-आउट पाहिलेत ना, शंभर प्लॉट, सगळे ‘विकले गेलेले’, आणि दहा वर्षांत घरं चार? बाकी गाजरगवत. तिथे प्लॉट ही राहायची जागा राहिलेली नाही, एफडी झाली आहे. पहिला दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्याला, आणि भाव चढतोय असं सगळ्यांनाच वाटतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव, वर्ष आणि गट नंबर टाकून झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन पाहता येते. तिथल्या रकमेवर फार विसंबू नका. ती बऱ्याचदा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दराच्या, आसपासच लिहिलेली असते. नावं पाहा. घेणारे तेच, विकणारेही तेच चार जण असतील, तर तो भाव त्यांच्या आपसातला आहे. घेणाऱ्यांमध्ये त्याच गावातले किंवा शेजारच्या खेड्यातले लोक असतील, घेतल्यावर दोन-तीन वर्षांत घर बांधलं असेल, तर मागणी खरी.

मालकीच्या कागदांचं सगळं इथे मावणार नाही, वकिलाला पर्याय नाहीच. पण चार ठिकाणी लोक हमखास अडकतात.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातलं जुनं घर घेताना लोक त्याच्याच भरवशावर पैसे देतात. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं मिळू लागली आहेत. तुमच्या गावाचं झालं असेल तर तेच मागा.

शेतजमिनीवरच्या प्लॉटला अकृषक (एनए, म्हणजे बिगरशेती) आदेश पाहा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मध्ये सोपी वाट काढली होती, रूपांतर कर भरून काम व्हायचं; आता काय लागतं ते तहसीलमध्ये विचारा. पण ‘गावठाणाला लागूनच आहे’ हे दलालाचं तोंडी माप असतं, ते तहसीलमधून लेखी घ्या. सातबारावर भोगवटादार वर्ग-२ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल तर थांबा. सामाईक सातबाऱ्यात नुसतं नाव चढवून देतो म्हणाले, तर गाडीत बसा आणि घरी या.

गडचिरोली, मेळघाट, यवतमाळ-चंद्रपूरच्या आदिवासी भागात आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला अशीच विकत घेता येत नाही. कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि तिला शासनाची पूर्वमान्यता लागते. ‘करून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत किती जणांना बुडवलं, ते तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहा पीत बसलं की कळतं.

चौथं भूसंपादन. नियोजित वैनगंगा-नळगंगा जोडकालवा सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास लांबीचा, नागपूरपासून बुलढाण्यापर्यंत जाणारा. पवनार ते पत्रादेवी हा नियोजित शक्तिपीठ महामार्ग आठशेहून जास्त किलोमीटरचा. रेघा आखल्या जातात, विरोध होतो, रेघा सरकतात. ‘इथून रस्ता जाणार’ म्हणून घेतलेल्या प्लॉटवरून तो अगदी मधोमध गेला, तर मोबदला मिळेल, घर मिळणार नाही. त्या गटावर काही अधिसूचना आहे का, ते भूसंपादन शाखेत विचारा.

ग्रामपंचायतीचा खर्च आता ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतो, पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे कशावर गेले तेही. मी मात्र आधी घरपट्टीची वसुली विचारतो. जिथे लोक कर भरतात, तिथे ते नाली तुंबली की भांडायलाही जातात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांपैकी एका ग्रामसभेला मागे उभं राहून पाहा. भांडणं होत असतील तर बरं लक्षण. कोरमसाठी घरोघरी सह्या गोळा करत फिरावं लागत असेल, तर ते गाव झोपलेलं आहे. आणि ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली असेल, जशी २०१५ च्या सुमारास राळेगाव, मारेगाव, सेलू, समुद्रपूर अशा तालुक्याच्या गावांची झाली, तर विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटवर आरक्षण आहे का तेवढं पाहूनच घ्या. ले-आउटमध्ये सोडलेली १० टक्के खुली जागा खुलीच आहे ना, की तिथे आधीच कुणाचं तरी गोडाऊन झालंय, हेही.

भाऊनं कमानीवाला प्लॉट घेतला नाही. तिथून अकरा किलोमीटरवरचं एक गाव त्याला आवडलं. महामार्ग तिथून दिसत नाही, मुक्कामी गाडी आहे, शाळेत शेजारच्या दोन खेड्यांची पोरं येतात. घर घेण्याआधी वर्षभर भाड्यानं राहून पाहू म्हणाला, आणि मावशीला घेऊन खोली शोधायला निघाला. तीन वेळा परत आला. एक खोली नर्सबाईंनी आधीच धरून ठेवलेली, दुसरी नव्या मास्तरांनी, तिसरी बँकेतल्या पोरीनं.

चौथी मिळाली, संडास बाहेर आणि भाडं जास्त. मावशी कुरकुरतेय. भाऊ म्हणतो मे जाऊ दे, पाणी पाहू, मग खड्डा घेऊ.